उतरवायची राहिलेली पाटी

चहावाली नुई आता मला काही विचारत नाही. मी रस्ता ओलांडताना दिसले की ती बर्फ फोडते, दोन पिशव्यांत नारिंगी दुधाळ चहा ओतते, रबर आवळून नळ्या खोचते आणि हातात देते. एक माझी, एक तोयची. तोय आमचं ऑफिस सोडून गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीने दोन घेतल्या, तिसऱ्या दिवशी नुईला सांगायची लाज वाटली, आणि मग ते राहूनच गेलं. दुसरी पिशवी माझ्या टेबलाच्या कडेला संध्याकाळपर्यंत लोंबकळते. घरी जाताना मी तिच्यातला चहा तोयने मागे ठेवलेल्या ऑर्किडच्या कुंडीत ओतते. ऑर्किडला चहा मानवत नाही म्हणतात. हे मात्र निर्लज्जासारखं फुलतंय.

मी मुक. वय एकोणसाठ. ह्या सप्टेंबरअखेर सरकार मला हार घालून घरी पाठवणार आहे. ऑफिसात सगळे मला पी मुक म्हणतात. पी म्हणजे थोरली बहीण. माझ्या वयाला खरं तर पा, म्हणजे मावशी, शोभेल, पण सरकारी ऑफिसात बाई मरेपर्यंत पीच असते, आणि ते बरंच आहे. आमचा विभाग जिल्ह्यातल्या औषध दुकानांची तपासणी करतो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय काय विकलं जातं, फार्मसिस्ट दुकानात बसतो की भिंतीवर नुसतीच त्याची पाटी असते, ते बघायचं आणि चूक सापडली तर खटला उभा करायचा. काम वाईट नाही. तरी तरुण पोरं येतात आणि वर्ष-दोन वर्षांत जातात. फार्मसी शिकलेली, हुशार, इस्त्रीच्या कपड्यांतली पोरं. जाताना हात जोडून वाकतात आणि म्हणतात, "घरगुती कारण आहे, पी."

मध्यंतरी राजधानीहून एक बाई आल्या होत्या. तरुण कर्मचारी नोकरी का सोडतात, ह्यावर दिवसभराची कार्यशाळा. त्यांनी सगळ्यांना रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि सांगितलं, नाव लिहू नका, मनातलं लिहा. आमचे साहेब पहिल्या रांगेत बसले होते आणि चिठ्ठ्या गोळा करायला तेच उठले. मग काय, सगळ्यांच्या मनात एकच, घरगुती कारण. एकाने तेवढं लिहिलं होतं की इथलं जेवण फार चांगलं आहे, वजन वाढतं. बाईंनी ती चिठ्ठी फळ्यावर मधोमध लावली.

मला हसू आलं आणि मागोमाग संतापही आला. आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर कारण सांगत नाहीत. कारण सांगितलं म्हणजे दोष दिला, दोष दिला म्हणजे त्याचा चेहरा पडला, आणि कोणाचा चेहरा पाडण्यापेक्षा आमची माणसं स्वतःचं वाटोळं करून घेतील. भीड भिकेची बहीण, हे आम्हाला कोणी शिकवत नाही. तोयही तशीच गेली. दर सोमवारी घालायचा खाकी गणवेश धुऊन, घडी घालून खुर्चीवर ठेवला, ऑर्किड माझ्या टेबलावर ठेवलं, आणि म्हणाली, "आई एकटी असते, पी." तिची आई तोय लहान असल्यापासून एकटीच होती. त्यात त्या दिवशी नवीन काय घडलं होतं?

ही पोर माझ्या हाताखाली तीन वर्षं होती. गाडीत सातोच्या शेंगा सोलून खायची आणि सगळी गाडी घाण वासाने भरून टाकायची. रबराच्या बागांमधून आम्ही गावोगाव फिरायचो. दुकानदार खोटं बोलायला लागला की ती डोळे मिटून ऐकायची, आणि बाहेर आल्यावर त्याची हुबेहूब नक्कल करायची. मी लग्न केलं नाही. आई गेल्यावर माझ्या घरात दुसऱ्या माणसाच्या चपला राहिल्या नाहीत. तोय आजारी पडली तेव्हा मी तिच्यासाठी पेज घेऊन गेले होते, आणि तिने तापात मला "आई" म्हटलं होतं. तिला ते आठवत नसेल. मी मात्र ते जपून ठेवलं आहे. माझं टेबल खिडकीजवळ आहे, बाहेर मोठं चामचुरीचं झाड. मी तिला सांगितलं होतं, "मी निवृत्त झाले की ही खिडकी तुझी." टेबलाचा एक ड्रॉवर तिच्यासाठी रिकामाही करून ठेवला होता. तो अजून रिकामा आहे.

ती परत यावी, एवढं एकच मला हवं होतं. बाकी आयुष्याकडून माझं काही मागणं उरलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये तंत्रविद्यालयातल्या एका मास्तरांनी तक्रार आणली. त्यांचा एक विद्यार्थी वेल्डिंगच्या तासाला कोसळला होता. पोरं नशेसाठी क्रातोमची पानं उकळून त्यात कोला आणि खोकल्याचं औषध घालून पितात, हे आमच्याकडे कोणाला माहीत नाही? प्रश्न एवढाच असतो की औषधाच्या बाटल्या येतात कुठून. मास्तर म्हणाले, "शाळेसमोरून येतात, बाई. मुलगा वाचला. दुसरा वाचेलच असं नाही." शाळेसमोर पा लियांगचं दुकान. पा लियांग सत्तरीची, गोल चेहऱ्याची, येणाऱ्या प्रत्येकाला "जेवलास का रे" विचारणारी. तोय असताना तिच्या दुकानात आम्ही कितीदा गेलो होतो, आणि दरवेळी सगळं चोख होतं. ती गेल्यापासून मात्र मी तिकडे फिरकले नव्हते.

चोख का असायचं, तेही सांगते. साहेब आदल्या दिवशी फोन करायचे. "पा, उद्या आमची पोरं येतायत हं. चहा टाकून ठेवा." झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्ही पोचायचो तेव्हा चिठ्ठीच्या औषधांच्या कपाटावर पडदा ओढलेला असायचा, फार्मसिस्ट पांढरा कोट घालून बसलेला असायचा, आणि निघताना गाडीत रंबुटान फळांची टोपली येऊन पडायची. चेहरा कोणाचाच पडायचा नाही.

ह्या वेळी मात्र साहेब जागेवर नव्हते. त्यांची आई वारली होती आणि तिला पुण्य लाभावं म्हणून ते काही दिवस भिक्षू झाले होते. मठात फोन जमा करावा लागतो. मी नव्या पोराला, फूमला, गाडी काढायला सांगितली. तो म्हणाला, "पी, फोन नाही करायचा?"

"कोणाला करतोस? बुद्धाला?" मी म्हटलं.

आम्ही संध्याकाळी सहाला पोचलो. दुकानात शाळेची तीन पोरं होती, ती आम्हाला बघून वाऱ्यासारखी पळाली. पडदा सताड उघडा. गल्ल्यामागे पा लियांग, आणि तिच्या पायाशी खोक्यात खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, भाजीच्या जुड्या मांडाव्यात तशा. मी खोकं ओढलं, फूमने फोटो काढले. मग फार्मसिस्टचं नाव लिहून घ्यायला मी भिंतीवरच्या निळ्या पाटीकडे बघितलं.

पाटीवर फोटो तोयचा होता. खाली पूर्ण नाव, परवान्याचा क्रमांक आणि वेळ, पाच ते नऊ.

फोटोत ती हसत नव्हती, केस मागे बांधलेले. दोन वर्षांनी मी तिचा चेहरा बघत होते, आणि तो असा बघावा लागला.

"तोय कुठे आहे?" मी विचारलं.

"इथेच आहे की," पा लियांग म्हणाली. "जरा बाजारात गेलीय. येईलच. मुक, तू जेवलीस का गं?"

आम्ही नऊपर्यंत थांबलो. कोणी आलं नाही. शेवटी पा लियांग रडायला लागली आणि खरं बाहेर पडलं. तोय वर्षभर रोज संध्याकाळी येऊन बसायची. एप्रिलमध्ये, सोंगक्रानच्या सणाआधी, सोडून गेली. आईला बरं नाही म्हणाली. "मीच म्हटलं, पाटी राहू दे पोरी, दुसरी कोणी मिळेपर्यंत," पा लियांग डोळे पुसत म्हणाली. "ती काही बोलली नाही. गुणी पोर आहे."

गुणी पोर! फार्मसिस्टने दुकान सोडलं की सात दिवसांत आमच्या ऑफिसला कळवायचं असतं. कळवलं नाही, तर पाटीखाली जे विकलं जाईल त्यात तोही अडकतो. परवाना दोनेक वर्षं गोठतो, आणि नावावर डाग बसला की सरकारी नोकरीचं दार कायमचं बंद. तोय आमच्याकडे तीन वर्षं हेच नियम दुसऱ्यांना समजावत होती. पण जाताना म्हातारीच्या डोळ्यांदेखत स्टुलावर चढून आपली पाटी उतरवायची, तर म्हातारीला काय वाटेल? तेवढ्यासाठी पाटी राहिली. ही चूक आमच्या इथल्या माणसांखेरीज कोणी करणार नाही.

साहेब मठातून आले ते डोकं आणि भुवया भादरून. आमच्याकडे भिक्षू होताना भुवयाही काढतात. भुवया नसलेला माणूस कितीही गंभीर बोलला तरी चकित झाल्यासारखा दिसतो. मी सगळं सांगितलं. साहेबांनी दार लावलं.

"पी मुक, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तोय आपली पोर आहे."

"आहे."

"मग तिच्याकडून दुकान सोडल्याचं पत्र लिहून घ्या. एप्रिलच्या तारखेचं. आवकचा शिक्का तुमच्याच ड्रॉवरमध्ये असतो." त्यांनी नसलेल्या भुवयांवरून बोट फिरवलं. "ऑक्टोबरात तुमची जागा रिकामी होते. तिने अर्ज केला तर मी नाही म्हणणार नाही."

खोटं कशाला बोलू, मी मनात लगेच हिशेब मांडला. पा लियांगवर खटला होईल, तो व्हायलाच हवा होता. तोय सुटेल. आणि सुटेल एवढंच नाही, परत येईल. माझ्या खिडकीत बसेल. मी निवृत्त झाले तरी दुपारी दोन पिशव्या घेऊन तिच्याकडे जाऊ शकेन, आणि फाटकावरचा पहारेकरी विचारणार नाही कशाला आलात म्हणून. मी कोरा कागद आणि शिक्का दोन्ही पिशवीत घातले. शिक्क्याची तारीख फिरवायला नुसता अंगठा पुरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नुईकडून नेहमीच्या दोन पिशव्या बर्फाच्या डब्यात घालून घेतल्या आणि एकटीच निघाले.

तोयचं गाव तळ्याकाठी आहे. तिथल्या बायका पाण्यातलं लव्हाळं कापतात, चिखलात बुडवून वाळवतात आणि त्याच्या चटया विणतात. अंगणभर हिरवट-पिवळ्या जुड्या उभ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये तोय उभी होती. पाय गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले, डोक्याला टॉवेल. ती मला बघून इतकी दचकली की तिच्या हातातली जुडी सुटली. मग तिने मातीचे हात जोडून मला नमस्कार केला, आणि मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. आमच्याकडे तसं कोणी घेत नाही. मी म्हटलं, "काळी पडलीस."

"तुम्ही बारीक झालात, पी."

"थापा मारू नकोस. तीन किलो वाढलंय."

तिची आई ओट्यावर लव्हाळं कुटत बसली होती. तिने मला बसायला नवी चटई टाकली, खाव यामची ताटली पुढे ठेवली. भात, किसलेलं खोबरं, बारीक चिरलेली लिंबाची पानं, वरून माशाचं आंबवलेलं पाणी. म्हणाली, "खा. आमच्या पोरीला सांगा जरा, शहरात जा म्हणून. एवढं शिकून चिखल तुडवते. शेजारणी मला विचारतात, औषधाच्या कॉलेजात चटया शिकवतात काय."

"आई," तोय म्हणाली.

"काय आई? मला बरं नव्हतं कधी? दोन ठिकाणी माझं नाव सांगून नोकरी सोडली हिने. माझी तब्येत बघा, बैलासारखी आहे."

मी तोयकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती. आई मुसळ उचलून मागच्या बाजूला गेली. म्हातारी चतुर होती.

मी सगळं सांगितलं. खोक्यातल्या बाटल्या, वेल्डिंगच्या तासाला पडलेला मुलगा, भिंतीवरची पाटी. मुलाचं ऐकून ती पांढरी पडली.

"वाचला ना?"

"वाचला."

"मला माहीत होतं, पी," ती म्हणाली. "दिवसा पा लियांग पोरांना बाटल्या द्यायची. मी पाचला यायचे तेव्हा खोकं गल्ल्यामागच्या बाकाखाली असायचं. एकदा पायाला लागलं. मी काही बोलले नाही. पा लियांगने मला घरच्यासारखं जेवायला घातलं होतं. मला वाटलं, आपण निघून जावं, म्हणजे तिला आपोआप कळेल."

"आणि पाटी?"

"स्टूल घेतलं होतं. ती माझ्यासाठी डबा बांधत होती. वाटेत भूक लागेल म्हणून." तिने टॉवेलने तोंड पुसलं. "स्टूल परत ठेवलं."

मी पिशवीतून कोरा कागद काढला. शिक्काही काढून चटईवर ठेवला. बोलताना माझा आवाज मलाच लाडीगोडीचा वाटला. "इथे तीन ओळी लिही. एप्रिलची तारीख घाल. बाकी मी बघते. साहेबांशी बोलणं झालंय. आणि ऑक्टोबरात जागा आहे, तोय. खिडकीची. ड्रॉवर मी कोणाला दिलेला नाही."

ती शिक्क्याकडे बघत राहिली. अंगणात कोंबड्या लव्हाळ्यातून फिरत होत्या. मला वाटलं, आता उचलेल पेन. मी मनातल्या मनात त्या टेबलावर तिचा चहाही ठेवून मोकळी झाले होते.

"साहेब अजून फोन करतात का, पी? आदल्या दिवशी?"

"ह्या वेळी नाही केला. म्हणून तर सापडलं."

"हं," ती म्हणाली. तिने शिक्का उचलला, त्यावरची तारीख आजचीच आहे का ते नीट बघितलं, आणि दोन्ही हातांनी माझ्या पुढ्यात ठेवला. "हेही फोन करण्यासारखंच आहे, पी. मी उद्या दुकानात येते. पाटी मीच उतरवते. माझा जबाब तुम्हीच घ्या."

"अगं मूर्ख पोरी, परवाना जाईल. परत कधी सरकारी नोकरीत घेणार नाहीत."

"माहीत आहे. नियम तुम्हीच शिकवलेत."

मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. शिकली सवरली पण अक्कल नाही, असं म्हटलं. म्हातारीचा चेहरा पडू नये म्हणून पाटी ठेवतेस आणि माझा पडतो तो दिसत नाही, असंही म्हटलं. ती हात जोडून ऐकत राहिली. मागे तिच्या आईचं कुटणं थांबलं होतं. निघताना मी चहाचा डबा तसाच गाडीत ठेवून दिला. तिला द्यायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी नुईच्या दोन पिशव्या घेऊन मी आणि फूम दुकानात पोचलो तेव्हा ती आधीच बाहेर पायरीवर बसली होती. स्वच्छ पांढरा शर्ट, केस फोटोतल्यासारखे मागे बांधलेले. पा लियांग तिला बघून उभी राहिली. "आलीस? मी सांगितलंच होतं ह्यांना, येईल म्हणून. जेवलीस का?"

तोयने स्टूल ओढलं, वर चढली आणि पाटी खिळ्यावरून काढली. भिंतीवर पाटीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उमटला. पाटी फूमच्या हातात देऊन ती खाली उतरली आणि जमिनीवर बसून पा लियांगला तिने नमस्कार केला, आईला करतात तसा, कपाळ टेकवून.

"पा, माझ्या आईला काही झालेलं नव्हतं. तुम्ही पोरांना बाटल्या देत होता म्हणून मी गेले. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तो मुलगा कदाचित पडला नसता."

पा लियांगही तिच्यासमोर खाली बसली. "मी नाही दिलं तर ती चौकातल्या दुकानात जातात," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरं मला आजी म्हणतात गं. मला नाही म्हणवत नाही."

"मलाही म्हणवलं नाही," तोय म्हणाली.

दोघी रडत होत्या. फूम पाटी छातीशी धरून छताकडे बघत होता. रडणाऱ्या बायकांसमोर काय करायचं हे त्याला कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. मग तोय माझ्याकडे वळली. तिचं नाक लाल झालं होतं.

"पी, तुम्हालाही खोटंच सांगून गेले."

दोन वर्षं मी जे कारण शोधत होते ते आता माझ्यापुढे उभं होतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

"आपण कुठेही गेलो तरी पडदा ओढलेला असायचा," ती म्हणाली. "मला इतका राग यायचा की रडू यायचं. मग गाडीत तुम्ही काहीतरी बोलून मला हसवायचात. चहा हातात द्यायचात. माझा राग जायचा. रोज यायचा, रोज जायचा. मग एक दिवस आपण परत येत होतो, मांडीवर रंबुटानची टोपली होती, आणि माझ्या लक्षात आलं की आज राग आलाच नाही. मी नुसती रंबुटान सोलत होते. तुमच्याजवळ मी फार सुखात होते, पी. तुम्ही खिडकी दाखवलीत तेव्हा मला वाटलं, मी इथेच अशीच म्हातारी होणार, आणि मला चालणारही आहे. म्हणून गेले. आता हे तुम्हाला कसं सांगणार होते? तुमच्यापायी राहावंसं वाटतं म्हणून जाते, असं?"

मला एवढंच कळत होतं की पगार कमी पडला असता, साहेब ओरडले असते, काम जड झालं असतं, तर मी काहीतरी करू शकले असते. ह्याला मी काय करणार होते?

मग जबाब घ्यायचा होता. दुकानातल्याच टेबलावर आम्ही समोरासमोर बसलो. मी विचारत गेले, ती सांगत गेली, मी लिहीत गेले. दुकान कधी सोडलं, का सोडलं, कळवलं का नाही. तिने एकही उत्तर मऊ केलं नाही, स्वतःबद्दलचं तर नाहीच. मी तिचं नाव आरोपींच्या रकान्यात पा लियांगच्या खाली लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. पुढे कोर्ट पा लियांगला काय करेल आणि फार्मसी परिषद तोयच्या परवान्याचं काय करेल, ते माझ्या हातात राहिलं नव्हतं. माझी खिडकी ऑक्टोबरात दुसऱ्या कोणाला तरी मिळणार, हे त्या रकान्याबरोबरच लिहून झालं होतं.

जबाबाच्या शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो. नातेवाइकाने नातेवाइकाचा तपास करू नये म्हणून तो घातलेला आहे. मी हजारदा विचारला असेल, उत्तर ऐकायच्या आधीच लिहून टाकायचे.

"तपास अधिकाऱ्याशी तुमचं काही नातं?"

मी मान वर केली नाही. बाहेर शाळा सुटली होती, मोटरसायकली सुरू होत होत्या.

"नाही लिहा, पी," ती म्हणाली. "नाहीतर जबाब बाद होईल."

मी लिहिलं, नाही. तिने सही केली, आजची तारीख घातली. मग माझ्या खुर्चीच्या कडेला लटकवलेल्या दोन पिशव्यांमधली एक, न विचारता, तिने काढून घेतली आणि नळी तोंडात धरून पार तळाशी आवाज येईपर्यंत प्यायली.